ग्राफिक्स कार्ड ८ जीबीचं घ्यावं की १६ जीबीचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेमिंगसाठी कार्ड घेताना मेमरीबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे आहेत. सुरुवातीला सोपे प्रश्न आहेत, अडचणीचे पुढे. रुपयांतल्या किमती मुद्दाम दिलेल्या नाहीत. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर एकाच दिवशी दोन दुकानांत वेगळा भाव मिळतो, आणि ऑनलाइन तर तो रोज बदलतो.

१. एकाच नावाचं कार्ड ८ जीबी आणि १६ जीबी अशा दोन प्रकारांत मिळतंय. नेमका फरक काय?

एनव्हिडियाचं आरटीएक्स ५०६० टीआय आणि एएमडीचं आरएक्स ९०६० एक्सटी ही सध्याची दोन ठळक उदाहरणं. दोन्ही २०२५ मध्ये आली आणि दोन्ही ८ व १६ जीबीत मिळतात. ५०६० टीआयच्या दोन्ही प्रकारांत चिप एकच, ४६०८ कोअर (हिशेब करणारे छोटे भाग), १२८ बिटची बस (चिप आणि मेमरीमधली वाट) आणि सेकंदाला ४४८ जीबीची बँडविड्थ (त्या वाटेने जाणारी माहिती). ९०६० एक्सटीचंही तसंच: चिप तीच, १२८ बिट, सेकंदाला ३२० जीबी. बदलते ती फक्त मेमरी.

त्यामुळे गेमला ८ जीबी पुरत असेल तर दोन्ही कार्डं जवळजवळ सारखेच फ्रेम (सेकंदाला दिसणारी चित्रं) देतात. पुरत नसेल तर ८ जीबीचं कार्ड अडखळतं आणि १६ जीबीचं निवांत चालतं. मधली पायरी फारशी नाही. ‘दुप्पट मेमरी म्हणजे दुप्पट वेग’ हे चूक आहे आणि ‘मेमरीने काहीच फरक पडत नाही’ हेही चूक आहे.

२. ही मेमरी भरते कशाने?

मुख्यतः टेक्स्चरने, म्हणजे भिंती, कपडे, चेहरे, जमीन यांच्यावर चढवलेल्या चित्रांनी. ४०९६ × ४०९६ पिक्सेलचं एक टेक्स्चर नेहमीच्या बीसी७ पद्धतीने दाबून ठेवलं तरी १६ एमबी घेतं. त्याच्या लहान आवृत्त्या, म्हणजे मिपमॅप, धरल्या की २१ एमबीच्या आसपास. एका दृश्यात अशी शेकडो टेक्स्चर असतात. तेच २०४८ × २०४८ चं केलं की जागा थेट चौथ्या हिश्श्यावर येते.

त्यामानाने पडद्याचं चित्र किरकोळ आहे. ४के पडद्याचा एक साधा बफर (तयार चित्र ठेवायची जागा) सुमारे ३३ एमबीचा, १०८०पीचा सुमारे ८ एमबीचा. गेम असे बरेच बफर ठेवतो, म्हणून रिझोल्यूशन वाढवलं की काहीशे एमबी ते एखाद-दोन जीबी वाढतात. रे ट्रेसिंग (प्रकाशकिरणांचा हिशेब करून उजेड-सावल्या दाखवणं) चालू केलं की दृश्याच्या भूमितीचा वेगळा आराखडा मेमरीत ठेवावा लागतो, तो भार निराळा.

३. माझा मॉनिटर १०८०पीचा आहे. मग मला ८ जीबी पुरे ना?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न आहे, आणि त्यातलं गृहीतक अर्धंच खरं आहे. वर पाहिलं तसं, रिझोल्यूशन कमी केल्याने टेक्स्चरची जागा फारशी कमी होत नाही. टेक्स्चर सर्वांत वरच्या सेटिंगवर ठेवलं, तर १०८०पीवरही ८ जीबी भरणारे गेम आहेत. ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ या डिसेंबर २०२४ च्या गेमने किमान गरजेतच ८ जीबीचं कार्ड मागितलं. त्यात टेक्स्चर पूल नावाची सेटिंग आहे. ती कार्डाच्या ऐपतीपेक्षा वर नेली की फ्रेम कोसळतात. खाली आणली की तेच कार्ड नीट चालतं.

तुम्ही काय खेळता, यावर उत्तर ठरतं. व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक २, डोटा २, जीटीए ५ एवढंच खेळणार असाल तर १०८०पीवर ८ जीबी भरपूर झाले आणि जास्तीचे पैसे मॉनिटरवर घालावेत. दरवर्षी येणारे मोठे, कथाप्रधान गेम खेळायचे असतील आणि कार्ड चार-पाच वर्षं वापरायचं असेल, तर नवीन कार्ड ८ जीबीचं घेऊ नये असंच आमचं स्पष्ट मत आहे.

४. सेटिंगमध्ये टेक्स्चर ‘हाय’ वरून ‘अल्ट्रा’वर नेलं तर फ्रेम कमी होतात का?

मेमरीत मावत असेल तर जवळजवळ नाही. सावल्या, रे ट्रेसिंग, गवताची दाटी या गोष्टींना चिपची ताकद लागते. टेक्स्चरला लागते ती मुख्यतः जागा. म्हणून जास्त मेमरीचं कार्ड जुनं झालं, चिप थकली आणि बाकी सगळ्या सेटिंग खाली आणाव्या लागल्या, तरी टेक्स्चर वर ठेवता येतं. डोळ्याला सर्वांत आधी जाणवतं ते हेच, त्यामुळे गेम चांगला दिसत राहतो. १६ जीबीच्या बाजूने आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा हा आहे.

५. मेमरी कमी पडतेय हे ओळखायचं कसं?

लक्षणं ठरलेली आहेत. सरासरी फ्रेम बऱ्या दिसतात, पण वळताना किंवा नव्या भागात शिरताना झटके बसतात. टेक्स्चर चिखलासारखी धूसर येतात आणि काही सेकंदांनी स्पष्ट होतात, कधी होतच नाहीत. सुरुवातीची दहा मिनिटं गेम छान चालतो आणि मग बिघडत जातो. काही गेम थेट बंद पडतात.

खात्री करायची असेल तर विंडोजचा टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये जाऊन जीपीयू (ग्राफिक्स कार्ड) निवडा. तिथे ‘डेडिकेटेड जीपीयू मेमरी’ आणि ‘शेअर्ड जीपीयू मेमरी’ असे दोन आकडे दिसतात. गेम चालू असताना डेडिकेटेड काठोकाठ भरलेली आणि शेअर्ड नेहमीपेक्षा बरीच वाढलेली दिसली, की माल कॉम्प्युटरच्या साध्या रॅममध्ये सांडायला लागलाय असं समजा.

मग एकच बदल करा: फक्त टेक्स्चर एक पायरी खाली आणा. बाकी काहीही हलवू नका. गेम पूर्ण बंद करून पुन्हा उघडा, कारण अनेक गेम त्याशिवाय मेमरी मोकळी करत नाहीत. त्याच जागी पुन्हा फिरून पाहा. झटके गेले तर दोष मेमरीचा. टेक्स्चरने काहीच बदललं नाही, पण रिझोल्यूशन उतरवल्यावर फ्रेम वाढल्या, तर चिप कमी पडतेय. दोन्हींनी फरक पडला नाही तर प्रोसेसर किंवा रॅमकडे बघा.

६. आफ्टरबर्नर या कार्डावर नजर ठेवणाऱ्या प्रोग्राममध्ये ७.५ जीबी वापर दिसतो. म्हणजे माझं ८ जीबीचं कार्ड संपलं?

तसं नाही. तो आकडा बहुतेक वेळा ‘राखून ठेवलेल्या’ मेमरीचा असतो. जागा रिकामी दिसली की गेम पुढे लागेल म्हणून टेक्स्चर भरून ठेवतात. तोच गेम १६ जीबीच्या कार्डावर १० जीबी घेताना दिसेल, तरी ८ जीबीवर सुरळीत चालत असेल. आफ्टरबर्नरच्या मॉनिटरिंग यादीत नावापुढे ‘प्रोसेस’ असलेली मेमरीची नोंद निवडा. ती फक्त त्या गेमचा हिस्सा दाखवते, त्यामुळे खऱ्या गरजेच्या जास्त जवळ जाते. तरीही निकाल आकड्यावर लावू नका, प्रश्न ५ मधल्या चाचणीवर लावा. सरासरी फ्रेमपेक्षा ‘एक टक्का लो’ (सर्वांत मंद एक टक्का फ्रेमचा वेग) हा आकडा पाहा. मेमरीचा त्रास सर्वांत आधी तिथे उमटतो.

७. मेमरी भरली की कार्ड साधी रॅम वापरतं ना? मग अडचण काय?

वापरतं. विंडोज साधारणपणे रॅमच्या निम्म्यापर्यंतची जागा ‘शेअर्ड’ म्हणून दाखवतं. अडचण वाटेची आहे. ५०६० टीआयची स्वतःची मेमरी सेकंदाला ४४८ जीबी देते, तर रॅममधला माल येतो पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमधून, म्हणजे मदरबोर्डवर कार्ड बसतं त्या खाचेतून. चौथ्या पिढीच्या आठ लेनवरून (लेन म्हणजे त्या वाटेतली एक मार्गिका) सेकंदाला जेमतेम १६ जीबी, तिसऱ्या पिढीच्या आठ लेनवरून ८ जीबीच्याही आत. एका फ्रेमला सेकंदाला ६० फ्रेमच्या हिशेबाने १६.७ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात त्या वाटेने थोडाच माल येऊ शकतो, म्हणून झटका बसतो.

त्यात मशीनमध्ये ८ जीबीच रॅम असेल तर तीही भरते आणि काम थेट डिस्कवर जातं. मग झटक्यांऐवजी गेम सेकंदभर थिजतो. ८ जीबीच्या कार्डासोबत किमान १६ जीबी रॅम हवी, तीही दोन पट्ट्यांत.

८. माझा मदरबोर्ड जुना आहे, बी४५०. ८ जीबीचं कार्ड बसवलं तर?

बसेल आणि चालेल, पण कोणतं कार्ड हे इथे फार महत्त्वाचं. बी४५० वर पीसीआय एक्सप्रेसची तिसरी पिढीच मिळते. आरटीएक्स ५०६०, ५०६० टीआय आणि आरएक्स ७६०० ही कार्डं आठच लेन वापरतात, त्यामुळे वाट निम्मी होते. मेमरी पुरेपर्यंत हे फारसं जाणवत नाही. ती ओसंडली की ८ जीबीच्या कार्डाचं नुकसान नव्या बोर्डापेक्षा कितीतरी जास्त होतं. आरएक्स ९०६० एक्सटी सोळा लेन वापरतं, म्हणून जुन्या बोर्डाला ते जास्त सोयीचं. म्हणजे जुना बोर्ड असेल तर १६ जीबी किंवा सोळा लेन, दोन्हींपैकी एक तरी हवंच. दोन्ही मिळाले तर उत्तम.

यातली एक फसगत बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. बोर्ड बी५५० आहे म्हणून चौथी पिढी मिळेलच असं नाही. रायझेन ५ ५६००जी आणि रायझेन ५ ५५०० हे प्रोसेसर तिसऱ्या पिढीवरच थांबतात, रायझेन ५ ५६०० चौथी पिढी देतो. इंटेलकडे दहाव्या पिढीपर्यंतचे कोअर प्रोसेसर तिसऱ्यावर आहेत. स्वतः तपासायचं तर जीपीयू-झेड हा कार्डाची माहिती दाखवणारा प्रोग्राम उघडा, ‘बस इंटरफेस’च्या शेजारचं प्रश्नचिन्ह दाबून चाचणी चालवा आणि मग आकडा वाचा. कार्ड रिकामं बसलेलं असताना वीज वाचवण्यासाठी ते कमी आकडा दाखवतं, त्याला घाबरू नका.

९. १२८ बिटच्या बसवर १६ जीबी म्हणजे वाया गेलेली मेमरी, असं दुकानदार म्हणतो. खरं का?

नाही. बसची रुंदी म्हणजे माल किती वेगाने हलतो, आणि जीबी म्हणजे किती मावतो. बस अरुंद असली तरी १६ जीबीतला माल स्लॉटच्या वाटेपेक्षा कैक पट वेगाने मिळतो.

हे १६ जीबी बसवतात कसे, तेही सांगतो. मेमरीच्या एका चिपला ३२ बिट लागतात. १२८ बिटला चार चिपा, प्रत्येकी २ जीबीच्या, म्हणजे ८ जीबी. १६ करायचे तर आणखी चार चिपा जोडून त्याच वाटा दोघींत वाटून द्याव्या लागतात. या रचनेला क्लॅमशेल म्हणतात. बँडविड्थ तेवढीच राहते, जागा दुप्पट होते.

१०. ५०६० टीआय १६ जीबी की ५०७० १२ जीबी?

बजेट पोहोचत असेल तर ५०७०. त्यात ६१४४ कोअर आहेत, १९२ बिटची बस आणि सेकंदाला ६७२ जीबीची बँडविड्थ. म्हणजे कोअर एक तृतीयांशाने जास्त आणि बँडविड्थ दीडपट. १४४०पीवर हा फरक प्रत्येक गेममध्ये दिसतो. १२ जीबी आणि १६ जीबीमधला फरक मात्र आज थोड्याच गेममध्ये दिसतो, तोही ४के, पाथ ट्रेसिंग (रे ट्रेसिंगचा जड प्रकार) किंवा भरमसाट मॉड टाकल्यावर. ८ ते १२ ही उडी फार मोठी आहे, १२ ते १६ ही तेवढी नाही.

११. ८ आणि १६ मधला फरक किती असला तर १६ घ्यावं?

अमेरिकेत ५०६० टीआय ३७९ आणि ४२९ डॉलरला, ९०६० एक्सटी २९९ आणि ३४९ डॉलरला जाहीर झालं. म्हणजे दोन्हीकडे अंतर ५० डॉलरचं. आपल्याकडे त्यावर १८ टक्के जीएसटी आणि वितरकाचा हिस्सा येतो, त्यामुळे प्रमाण बदलतं. आमचा ठोकताळा असा: फरक १५-२० टक्क्यांच्या आत असेल तर १६ घ्या. २५ टक्क्यांच्या वर गेला तर थांबा आणि तेवढ्यात पुढची चिप येते का ते पाहा. १६ साठी प्रोसेसर किंवा एसएमपीएस (पॉवर सप्लाय) हलक्या दर्जाचा घ्यावा लागत असेल तर तो सौदा करू नका.

१२. १६ जीबीला मोठा पॉवर सप्लाय लागतो का?

नाही. ९०६० एक्सटी ८ जीबीत १५० वॉट आणि १६ जीबीत १६० वॉटचं आहे. एवढ्या फरकासाठी सप्लाय बदलायची गरज नाही.

१३. डीएलएसएस किंवा एफएसआर (लहान चित्र बनवून मोठं करणाऱ्या सोयी) लावलं की कमी मेमरी भागते ना?

थोडी. १४४०पीवर ‘क्वालिटी’ लावलं की आतलं चित्र साधारण ९६०पीवर बनतं, त्यामुळे बफरची जागा वाचते. टेक्स्चर मात्र पडद्याच्या रिझोल्यूशनला साजेसेच ठेवले जातात, तिथे बचत होत नाही.

फ्रेम जनरेशन (मधल्या फ्रेम कृत्रिमरीत्या भरणं) याच्या नेमकं उलट आहे. त्याला स्वतःसाठीच काहीशे एमबी लागतात. ८ जीबीचं कार्ड आधीच काठावर असेल आणि तुम्ही फ्रेम जनरेशन चालू केलंत, तर फ्रेम वाढण्याऐवजी झटके वाढू शकतात. जाहिरातीतले मोठे आकडे पाहून ८ जीबीचं कार्ड घेणाऱ्यांची इथे निराशा होते. उपाय एकच: टेक्स्चर एक पायरी खाली, मग फ्रेम जनरेशन.

१४. नाव तेच पण मेमरी कमी, एवढाच फरक असतो ना नेहमी?

नाही, आणि इथे लोक सर्वांत जास्त फसतात. प्रश्न १ मधली कार्डं प्रामाणिक जोड्या आहेत. पुढच्या जोड्यांत चिप, बस किंवा मेमरीचा प्रकारही वेगळा आहे:

- जीटीएक्स १०६०: ६ जीबीत १२८० कोअर, ३ जीबीत ११५२.
- आरटीएक्स ३०६०: १२ जीबीला १९२ बिट आणि सेकंदाला ३६० जीबी. नंतर आलेल्या ८ जीबीला १२८ बिट आणि २४० जीबी.
- आरटीएक्स ३०५०: ८ जीबीत २५६० कोअर आणि १२८ बिट. ६ जीबीत २३०४ कोअर आणि ९६ बिट. मात्र ६ जीबीचं कार्ड ७० वॉटचं आहे आणि वेगळी पॉवर केबल लागत नाही. ऑफिसातून निघालेल्या जुन्या डेल-एचपी मशीनसाठी ते खरंच उपयोगी आहे.
- जीटी १०३०: दोन्ही २ जीबीच, पण एकात जीडीडीआर५ (सेकंदाला ४८ जीबी) आणि दुसऱ्यात डीडीआर४ (१६.८ जीबी). डीडीआर४चं कार्ड गेमिंगसाठी घेऊच नये.

२०२२ मध्ये एनव्हिडियाने आरटीएक्स ४०८० हे एकच नाव १२ आणि १६ जीबीच्या दोन वेगळ्या चिपांना दिलं होतं. टीका झाल्यावर १२ जीबीचं कार्ड मागे घेतलं आणि जानेवारी २०२३ मध्ये तेच ४०७० टीआय म्हणून आणलं. नाव आणि जीबी एवढ्यावर विसंबू नका. कोअर, बसचे बिट आणि मेमरीचा प्रकार हे तीन आकडे पाहूनच पैसे द्या.

१५. कमी ताकदीचं पण जास्त जीबीचं जुनं कार्ड चांगलं की नवीन ८ जीबीचं?

जुन्या, मंद चिपला मेमरीने वाचवता येत नाही. आरएक्स ५८० ला ८ जीबी आहेत, पण रे ट्रेसिंगचं हार्डवेअर नाही. ते सक्तीचं असलेला गेम, जसा प्रश्न ३ मधला, त्यावर नेहमीच्या मार्गाने चालत नाही. दुसऱ्या टोकाला आरटीएक्स ३०६० १२ जीबी हे सेकंडहँड बाजारातलं अजूनही समजूतदार कार्ड आहे: चिप मध्यम, मेमरी भरपूर, लेन सोळा. इंटेल आर्क बी५८० लाही १२ जीबी आहेत, पण त्याला बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) ‘रिसायझेबल बार’ (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) चालू लागतो आणि जुन्या प्रोसेसरवर ते मागे पडतं. फार जुन्या मशीनसाठी ते घेऊ नका.

१६. लॅपटॉपसाठी हाच हिशेब धरायचा का?

हिशेब तोच, पण चुकीची किंमत जास्त, कारण लॅपटॉपमधली ग्राफिक्स मेमरी नंतर वाढवता येत नाही. आणि नावं डेस्कटॉपशी जुळत नाहीत. डेस्कटॉप ५०७० ला १२ जीबी आहेत, लॅपटॉपच्या ५०७० ला ८. लॅपटॉपमध्ये १२ जीबी हवे तर ५०७० टीआयपर्यंत जावं लागतं. ५०६० आणि ५०७० दोन्हींना लॅपटॉपमध्ये ८ जीबीच मिळतात, तेव्हा फक्त मेमरीसाठी ५०७० वर जाण्यात अर्थ नाही.

१७. माझ्याकडे ८ जीबीचंच आहे आणि बदलायचं नाही. काय करू?

आधी बाहेरचा भार काढा. ब्राउझर आणि डिस्कॉर्डची हार्डवेअर अॅक्सिलरेशन बंद करा, हलणारे वॉलपेपर काढा. एवढ्यावर कित्येकदा अर्धा जीबी मोकळा होतो. मग गेममध्ये या क्रमाने उतरा: टेक्स्चर एक पायरी, रे ट्रेसिंग, सावल्यांचं रिझोल्यूशन, आणि शेवटी पडद्याचं रिझोल्यूशन. ‘अल्ट्रा’वरून ‘हाय’ टेक्स्चरला आल्यावर बहुतेक गेममध्ये चालताना फरक जाणवतही नाही. जीटीए ५ आणि रेसिडेंट ईव्हिल ४ चा रीमेक यांसारखे गेम सेटिंगच्या पानावरच मेमरीचा अंदाज दाखवतात. त्यात पट्टी काठापासून एक जीबी मागे ठेवा.

१८. दोन ८ जीबीची कार्डं लावली तर १६ जीबी होतात का?

गेममध्ये नाही. एसएलआयच्या (दोन कार्डं जोडून चालवायच्या) काळातही दोन्ही कार्डांत तोच माल दोनदा ठेवला जायचा. २०१२ चं जीटीएक्स ६९० म्हणजे एकाच कार्डावर दोन चिपा; ते खोक्यावर ४ जीबीचं होतं, गेमला त्यातले २ च मिळायचे.

१९. सेकंडहँड कार्डावर ‘८ जीबी’ लिहिलंय. खरं कसं समजायचं?

स्टिकर आणि विंडोजचा आकडा, दोन्हींवर विश्वास ठेवू नका. कार्डाची बायोस बदलून खोटं नाव आणि खोटी मेमरी दाखवता येते. जुन्या जीटीएस ४५० च्या चिपवर जीटीएक्स १०५० टीआयचं नाव चढवलेली कार्डं बाजारात येऊन गेली आहेत. जीपीयू-झेडची नवी आवृत्ती एनव्हिडियाच्या अशा कार्डांपुढे ‘फेक’ लिहिते. त्यातले कोअर आणि बसचे बिट प्रश्न १४ प्रमाणे मूळ आकड्यांशी ताडून पाहा. आरएक्स ५८० मध्ये २३०४ ऐवजी २०४८ कोअर दिसले, तर ते कापलेल्या चिपचं ‘२०४८एसपी’ आहे, त्याची किंमत कमी द्या.

त्यानंतर ओसीसीटी या तपासणीच्या प्रोग्राममधली व्हीरॅम (ग्राफिक्स मेमरी) चाचणी किमान पंधरा मिनिटं चालवा आणि मेमरीचा जास्तीत जास्त हिस्सा निवडा. मेमरी खोटी असेल किंवा एखादी चिप मरायला टेकली असेल, तर त्रुटी बहुधा इथेच दिसतात. एकही त्रुटी आली तरी कार्ड परत करा. विक्रेता चाचणी करू देत नसेल तर सौदा सोडा. आणि मूळ बिल मागा: अनेक कंपन्यांची वॉरंटी सीरियल नंबरवर चालते, तेव्हा बिलावरचा नंबर आणि कार्डाच्या पाठीवरचा नंबर जुळतो का ते पैसे देण्याआधीच पाहा.